हँडब्रेक अकराव्या खटक्यालाही धरत नाही, केबल आवळली तर चाक तापतं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीत राहतो. घर उतारावर आहे, त्यामुळे गाडी दारात लावायची तर हँडब्रेकवाचून गत्यंतर नाही. गाडी २०१३ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर झालेली. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, दोन सीटच्या मध्ये ओढायचा साधा हँडब्रेक. बहुतेक लहान गाड्यांत हेच असतं.

गेल्या रविवारी बाजारातून आलो. हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलमध्येच ठेवून इंजिन बंद केलं आणि पिशव्या काढायला उतरलो. आई डिकीमागे उभी होती. तेवढ्यात गाडी हलली. फार नाही, दोन वीत असेल, पण हलली. मी धावत जाऊन ब्रेकवर पाय दिला तोवर मागचा बंपर जांभ्याच्या गडग्याला टेकला होता. आई वेळेवर बाजूला झाली म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवतो आणि मागच्या चाकाला चिऱ्याचा तुकडा लावतो. पण चिऱ्याच्या भरवशावर किती दिवस काढणार?

आधीची हकीकत अशी. दोन महिन्यांपूर्वी लिव्हर दहा-अकरा खटके वर यायला लागली म्हणून एका गॅरेजात दाखवली. त्यांनी लिव्हरचं कव्हर उचलून खालचा नट आवळून दिला, पाच मिनिटांचं काम. लिव्हर पाचव्या खटक्याला घट्ट. पंधरा दिवस छान गेले. मग एकदा हातखंब्याहून परत आलो तर मागच्या डाव्या चाकापाशी जळका वास आणि रिम चांगलीच तापलेली. उजवी थंड. अ‍ॅव्हरेजही पडलं होतं. मी घरीच कव्हर काढून दहाच्या पान्याने तोच नट चार आटे सैल केला. तापणं थांबलं, पण लिव्हर पुन्हा अकरावर, आणि मग रविवारचा प्रकार.

आवळला तर चाक तापतं, सोडला तर गाडी धरत नाही. मधली जागा मला सापडत नाहीये. केबल बदलायची का? घरी करण्यासारखं किती आहे? पाने, जॅक आणि शनिवार-रविवार एवढं माझ्याकडे आहे.

प्रतिसाद –

केबल बदलून टाका. समुद्राकाठी नऊ-दहा वर्षांत केबलच्या आत गंज धरतोच. माझी आत अडकायची. ओढली की जायची, सोडली की परत यायची नाही.

प्रतिसाद –

थांबा, केबल मागवू नका. आधी गाडी सपाट जागी उभी करून एक चाचणी करा, पाच मिनिटं लागतील. हँडब्रेक पूर्ण खाली. इंजिन चालू ठेवून पायाचा ब्रेक दाबा आणि पेडल किती खाली जातं ते लक्षात ठेवा. मग हँडब्रेक चार-पाच खटके ओढा आणि पेडल पुन्हा दाबा. दुसऱ्या वेळी पेडल वरच थांबलं, कडक लागलं, तर मागचे लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेकचे तुकडे) ड्रमपासून लांब आहेत. मग दुखणं केबलमध्ये नाही, ड्रममध्ये आहे.

धागाकर्ता –

आत्ताच करून आलो. फरक स्पष्ट जाणवतो. हँडब्रेक ओढल्यावर पेडल जवळजवळ दोन बोटं वर थांबतं. गेले काही महिने पेडल जरा खोल जातंय असं वाटत होतं, पण रोज चालवताना सवय होऊन जाते.

प्रतिसाद –

मी एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य काढलंय, आता निवृत्त आहे. बसचे ब्रेक हवेवर चालतात, तुमचे तेलावर, पण ड्रम आणि लायनरचं गणित एकच. वरच्यांनी सांगितलेली चाचणी बरोबर आहे आणि तुमचं दुखणंही त्यातच दिसतंय.

ड्रमच्या आत दोन लायनर समोरासमोर असतात. हँडब्रेकची केबल आत एका चपट्या लिव्हरला ओढते. ती लिव्हर एका लायनरला टांगलेली असते आणि मधल्या दांडीने दुसऱ्या लायनरला ढकलते, म्हणजे दोन्ही ड्रमला भिडतात. लायनर झिजत जातात तसं मधलं अंतर वाढतं. ते भरून काढायला त्या दांडीवर एक दातेरी चाक असतं. पायाचा ब्रेक दाबताना लायनर ठरावीक अंतरापेक्षा लांब गेले की ते एक दात पुढे सरकतं. आपोआप. म्हणून चांगल्या गाडीचा हँडब्रेक वर्षानुवर्षं हात न लावता चालतो.

आता वरचा, म्हणजे हँडब्रेकच्या लिव्हरच्या कव्हरखालचा नट आवळला की काय होतं बघा. केबल कायम ताणलेली राहते, आतली चपटी लिव्हर आपल्या मूळ जागी टेकत नाही आणि दातेरी चाकाचं फिरणं बंद पडतं. वर लिव्हर पाच खटक्यांवर आली म्हणून माणूस खूश होतो, आणि खाली जे यंत्र रोज अंतर भरून काढत होतं तेच आपण बांधून ठेवलेलं असतं. एका बाजूचा लायनर घासत राहतो, दुसऱ्या बाजूला पोकळी वाढत राहते. तुमचं डावं चाक तापलं, उजवं नाही, यावरून तर दोन्ही ड्रममध्ये सारखं अंतर नाही असंच दिसतं.

म्हणून क्रम उलटा धरा. आधी वरचा नट पूर्ण सैल करायचा. मग ड्रममध्ये लायनरचं अंतर जुळवायचं. केबलचा नंबर सगळ्यात शेवटी. नटावर जोर काढून लायनरचं काम होत नाही.

धागाकर्ता –

काका, मनापासून धन्यवाद. एवढं उलगडून मला कोणीच सांगितलं नव्हतं. शनिवारी ड्रम उघडायचा विचार आहे. काय सांभाळू?

प्रतिसाद –

पहिली गोष्ट, उतारावर जॅक लावायचा नाही. दारात तर अजिबात नाही. सपाट, कडक जमीन शोधा. हँडब्रेक सोडलेला असणार, तेव्हा मागची चाकं उचलली की सगळी भिस्त पुढच्या दोन चाकांवर. त्यांना पुढून आणि मागून दोन्हीकडे ठोकळे लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. जॅकने उचलल्यावर खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. हे मी धाकट्या भावाला सांगावं तसं सांगतोय.

ड्रम निघत नसेल तर हातोडीने ठोकत बसू नका. बऱ्याच ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतात. त्यात आठ एमएमचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलात की ड्रम स्वतःच बाहेर येतो. काही गाड्यांत ड्रम आणि बेअरिंग एकत्र असतं, मधोमध मोठा नट असतो. तसं असेल तर गॅरेजातच करा, तो नट ठरलेल्या जोराने आवळावा लागतो.

आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा. आणि व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा भाग) रबर हलकंच उचलून बघा. आत ओल दिसली तर पुढचं काही करू नका, सिलिंडर बदलायचा. तेल लागलेला लायनर कितीही अ‍ॅडजस्ट केला तरी धरत नाही.

एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंग कुठे अडकवलीय हे विसरलात तर दुसरी बाजू बघता येते.

प्रतिसाद –

मध्येच विचारतो, माझ्या गाडीला मागे डिस्क आहे आणि हँडब्रेकच्या जागी बटण. त्यालाही हेच लागू का?

प्रतिसाद –

नाही. बटणवाल्या बहुतेक गाड्यांत मागच्या कॅलिपरवर (डिस्कला पकडणारा भाग) मोटर असते. तिला स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये न टाकता पिस्टन ढकललात तर मोटरचं नुकसान होतं. त्या गाडीला घरी हात लावू नका.

धागाकर्ता –

काल काम केलं, म्हणून सविस्तर लिहितो. पुढे कोणाला तरी उपयोग होईल.

आमच्या वाडीच्या देवळासमोर फरशी घातलेलं सपाट अंगण आहे, गाडी तिथे नेली. सोबतीला मावसभाऊ. पुढच्या चाकांना चार लाकडी ठोकळे, मागे स्टँड. आधी आत बसून वरचा नट सैल करायला घेतला तर तो सुटतच राहिला. बोटाच्या पेरापेक्षा जास्त आटे उघडे पडले. मी चार आटे सैल करूनही केबल एवढी ताणलेलीच होती.

उजवा ड्रम बोल्ट लावून पाच मिनिटांत निघाला. लायनर बरे आहेत, सगळ्यात पातळ जागी तीन मिलिमीटरच्या आसपास. ड्रमच्या पाठीवर कमाल व्यास १८२ मिलिमीटर असं कोरलेलं आहे, आमचा त्याच्या आत भरला. सिलिंडर दोन्हीकडे कोरडे.

खरा प्रकार डाव्या बाजूला. दातेरी चाकाच्या आट्यांत धूळ आणि गंज मिळून एक लालसर चिखल झाला होता, सुकून अगदी दगड. बोटाने फिरेना. त्यामुळे तिकडचं अंतर किती तरी काळ भरलंच गेलं नव्हतं. त्यात ती चपटी लिव्हर जिथे टांगली आहे तिथेही गंज. ओढली की पुढे जायची, सोडली की अर्ध्यावर थांबायची. काका, तुम्ही म्हणालात तसंच, लिव्हर मूळ जागी टेकतच नव्हती. चाक तापायचं ते इथेच.

दांडी काढून ब्रेक क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने आटे साफ केले. दोन टोकं हातात धरून फिरवत राहिलो. आधी करकर, मग हळूहळू मऊ, आणि शेवटी नुसत्या अंगठ्याने फिरायला लागलं. आट्यांवर आणि मागच्या पत्र्यावर जिथे लायनर टेकतात त्या सहा ठिकाणी उष्णता सहन करणारं ग्रीस, तेही अगदी पुसट. लायनरला बोट लागू दिलं नाही. मग दातेरी चाक एकेक दात फिरवून ड्रम घालून बघत राहिलो. ड्रम बसतोय पण फिरवताना हलकासा सर्र आवाज येतोय, तिथे थांबलो. दुसरी बाजूही तशीच.

ड्रम बसवून पायाचा ब्रेक वीस-पंचवीस वेळा दाबला. मावसभाऊ मागे कान लावून बसला होता. सुरुवातीला दोन्ही बाजूंनी बारीक टिक ऐकू यायची, मग बंद झाली. त्यानंतरच वरचा नट हाती घेतला. एकेक फेरा, आणि दर फेऱ्यानंतर लिव्हर तीन-चार वेळा जोरात ओढून सोडायची. पहिल्या खटक्याला चाक मोकळं, तिसऱ्याला जड, सहाव्याला दोन्ही चाकं घट्ट. लिव्हर खाली टाकली की दोन्ही चाकं हाताने सहज फिरतात. नटाचे किती कमी आटे लागले ते बघून दोघंही थक्क झालो.

आज सकाळी दहा-बारा किलोमीटर फिरून आलो आणि दोन्ही रिमपाशी हात नेऊन बघितला. सारख्याच कोमट. पेडलही वर आलंय. मग दारातल्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये, फक्त हँडब्रेकवर उभी केली. मी आत ब्रेकवर पाय तयार ठेवून बसलो होतो आणि मागे कोणालाही उभं राहू दिलं नाही. दहा मिनिटं तसूभर हलली नाही. तरी पहिला गिअर आणि चिरा ही सवय ठेवणार आहे. स्टिअरिंगही गडग्याकडे वळवून ठेवायला लागलोय.

एक प्रश्न उरलाय. हँडब्रेक पूर्ण खाली असतानाही डॅशबोर्डवरचा लाल दिवा अधूनमधून लागतो. आधी लागत नव्हता.

प्रतिसाद –

छान केलंत. आता गाडी धुतल्यावर किंवा पावसात भिजल्यावर चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढून ठेवू नका. लायनर ड्रमला चिकटतात, तुमच्याकडच्या हवेत तर लवकर.

दिव्याचं म्हणाल तर बऱ्याच गाड्यांत तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झालं तरी लागतो. म्हणून आधी बॉनेट उघडून टाकीची पातळी बघा. ऑइल कमी असेल तर गळती शोधल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. पातळी ठीक असेल तर लिव्हरच्या बुडाशी बटणासारखा स्विच असतो, कव्हर काढताना त्याची पट्टी वाकली असेल.

धागाकर्ता –

ऑइल वरच्या रेघेला आहे. पट्टीच वाकली होती, पक्कडने सरळ केली. दिवा गेला. आईला सांगितलं, तर ती स्वतः उतरून आधी चिरा लावलाय का ते बघून आली.