मदत हवी आहे : फ्रेंच उपनगरांतील उपेक्षित वस्त्यांचे साहित्य आणि चित्रपट

नमस्कार. उत्तर आफ्रिकेतून फ्रान्समध्ये आलेल्या कामगार कुटुंबांच्या झोपडवस्त्या आणि त्यांच्या जागी शहरांच्या कडेला उभी राहिलेली कमी भाड्याची गृहसंकुले यांचे फ्रेंच साहित्यात व चित्रपटांत उमटलेले चित्रण, या विषयावर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे.

ल्यों शहरालगतच्या झोपडवस्तीतील बालपण सांगणारी आझूझ बेगाग यांची १९८६ मधील आत्मकथनात्मक कादंबरी आणि मात्यू कासोवित्स यांचा १९९५ मधील ‘ला एन’ हा कृष्णधवल चित्रपट माझ्या मांडणीच्या केंद्रस्थानी आहेत. बेगाग वस्तीच्या आतून, मुलाच्या नजरेने आणि बऱ्याचदा हसत लिहितात, तर कासोवित्स पोलीस आणि तरुण यांच्यातील ताणावरच कॅमेरा रोखतात. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पडद्यावर वस्तीतले घर, शाळा, आई हे सारे मागे पडून दंगलच उरते की काय, अशी शंका येते.

२००५ मध्ये पॅरिसच्या क्लिशी-सू-ब्वा या उपनगरात पोलिसांपासून लपताना वीज उपकेंद्रात दोन मुलांचा मृत्यू झाला आणि देशभर उद्रेक झाला. त्यानंतरच्या लेखनात, विशेषतः स्त्रियांच्या लेखनात, ही नजर कशी बदलली? फैझा गेन यांची २००४ मधील पहिली कादंबरी मी वाचली आहे. त्यापुढे काय वाचावे, आणि यांपैकी कशाचा मराठी अनुवाद झाला आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.