चार दिवसांनी चौदा वर्षं धुऊन निघतात का?

दौलताबादी (धागालेखक)

फिलिपिन्स म्हटलं की आपल्याला हुकूमशहा मार्कोसच्या बायकोचे, इमेल्डाबाईंचे जोडे आठवतात, आणि आता ब्राह्मोस. त्यामुळे तिथले माजी राष्ट्राध्यक्ष फिडेल रामोस हे नाव किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे. २०२२च्या ३१ जुलैला वयाच्या ९४व्या वर्षी ते गेले, तेव्हा आपल्याकडे कोपऱ्यात चार ओळी आल्या. मला हा माणूस गेली काही वर्षं सतावतोय, म्हणून धागा काढतो.

आधी थोडक्यात कारकीर्द. जन्म १९२८, लिंगायेन, पंगासिनान प्रांत. वडील नार्सिसो रामोस पुढे परराष्ट्रमंत्री झाले. १९६७ साली आसियान स्थापन झाली त्या जाहीरनाम्यावर फिलिपिन्सतर्फे त्यांचीच सही आहे. पोरगा अमेरिकेत वेस्ट पॉइंटला शिकला, १९५०ला बाहेर पडला, लगेच इलिनॉय विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली. मग कोरियाचं युद्ध, नंतर व्हिएतनाम (तिथे लढायला नाही, ताय निन्ह भागात रस्ते-दवाखाने उभारणाऱ्या तुकडीबरोबर). मधल्या काळात देशाच्या स्पेशल फोर्सेसची उभारणी. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस नात्यातले, लांबचे भाऊ. १९७२ साली मार्कोसनी लष्करी कायदा पुकारला तेव्हा रामोस कॉन्स्टॅब्युलरीचे प्रमुख होते, म्हणजे लष्कराचाच भाग असलेल्या निमलष्करी पोलीस दलाचे.

१९८६च्या फेब्रुवारीत ते संरक्षणमंत्री एन्रिले यांच्यासोबत मार्कोसविरुद्ध उभे राहिले. मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन यांनी रेडिओवरून हाक दिली, लाखो लोक मनिलातल्या एड्सा रस्त्यावर उतरले, रणगाडे गर्दीपुढे थांबले, आणि २२ ते २५ फेब्रुवारी अशा चार दिवसांत हुकूमशहा हवाईला पळाला. कोरी अक्विनो राष्ट्राध्यक्ष झाल्या, रामोस सेनाप्रमुख. जानेवारी १९८८ ते जुलै १९९१ संरक्षणमंत्री. १९९२ ते ९८ राष्ट्राध्यक्ष.

माझं म्हणणं असं. सगळे लोक एड्साचे चार दिवस नाहीतर राष्ट्राध्यक्षपदाची सहा वर्षं धरून बसतात, पण माणसाची खरी कसोटी लागली ती सेनाप्रमुख आणि संरक्षणमंत्री म्हणून. अक्विनोबाईंवर बंडामागून बंडं झाली. ऑगस्ट १९८७चं कर्नल ग्रेगोरिओ होनासान यांचं बंड, डिसेंबर १९८९चं त्याहून मोठं. त्यात राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर विमानांतून मारा झाला आणि मकातीचा व्यापारी भाग बंडखोरांनी काही दिवस ताब्यात ठेवला. प्रत्येक वेळी रामोस सरकारच्या बाजूने उभे राहिले. या काळात सत्ता घेणं त्यांना अशक्य नव्हतं. घेतली नाही. मतपेटीची वाट पाहिली, आणि १९९२ला जेमतेम साडेतेवीस टक्के मतांवर निवडून आले.

निवृत्त सेनापतीला संरक्षण खातं देऊ नये असं म्हणणाऱ्यांनी या साडेतीन वर्षांचं काय करायचं ते सांगावं.

पाटीपेन्सिल

असहमत, आणि बरीच असहमत.

अहो, तुम्ही कॉन्स्टॅब्युलरीला एक वाक्य दिलंत! १९७२ ते १९८६, चौदा वर्षं हा गृहस्थ त्या दलाचा प्रमुख होता. लष्करी कायद्याखाली लोकांना रात्री घरातून उचलायचं काम कुणाकडे होतं? मेट्रोकॉमचा (कॉन्स्टॅब्युलरीच्या मनिला विभागाचा) गुप्तवार्ता गट, पाचवं कॉन्स्टॅब्युलरी सुरक्षा युनिट ही त्या काळातून सुटून आलेल्या कैद्यांच्या जबान्यांमध्ये पुन्हा पुन्हा येणारी नावं आहेत, आणि दोन्ही कॉन्स्टॅब्युलरीचीच. पुढे सरकारने नुकसानभरपाईसाठी मंडळ नेमलं, त्याने ११,१०३ जणांना मानवी हक्कभंगाचे बळी म्हणून मान्यता दिली. ही फक्त मान्य झालेली संख्या.

रामोस यांची बाजू घेणारे नेहमी एकच सांगतात: वाईट तो जनरल व्हेर, मार्कोसचा खास माणूस, रामोस व्यावसायिक, शिस्तीचे, सरळ. असतीलही. १९८१ला त्यांना डावलून व्हेरला सेनाप्रमुख केलं हे खरं. विरोधी नेते निनॉय अक्विनो, म्हणजे कोरींचे नवरे, यांच्या खुनाच्या खटल्यात व्हेर अडकला तेव्हा रामोस हंगामी प्रमुख झाले, तो निर्दोष सुटल्यावर डिसेंबर १९८५ला पुन्हा बाजूला सारले गेले, हेही खरं. मग मला सांगा, त्यानंतर तीन महिन्यांच्या आत जे झालं त्यात सद्सद्विवेकबुद्धी किती आणि हुकलेली बढती किती?

आणि लोकशाहीतलं त्यांचं सेनाप्रमुखपदही काही स्वच्छ नाही. जानेवारी १९८७, मेंदिओला पूल: जमीन मागायला आलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चावर गोळीबार, किमान बारा मेले. पुढच्याच महिन्यात लुपाओ गावात सैनिकांनी सतरा गावकरी मारले. सेनाप्रमुख कोण होते, ते तुमच्याच धाग्यात आहे.

निवृत्त_सुभेदार

ताई, तुमचा राग समजतो. पण फौजेत आयुष्य काढलेला माणूस म्हणून एक सांगतो. बंड होतं तेव्हा शिपाई कायदा वाचत नाही, हुकूम कुणाचा आहे ते बघतो. अक्विनोबाई गृहिणी म्हणून राजकारणात आलेल्या. त्यांचा शब्द बरॅकमध्ये चालायचा तर मध्ये असा माणूस हवा ज्याने स्वतः गोळ्या खाल्ल्यात. रामोस कोरियात विसाव्या बटालियनबरोबर टेकडीवर चाल करून गेले होते, १९५२ला. असं तोंडावर सांगणारा मंत्री आणि फाइल वाचून सांगणारा मंत्री यात फरक पडतो.

आणि नोव्हेंबर १९८६ विसरू नका. खुद्द संरक्षणमंत्री एन्रिलेच फिरले होते. तेव्हा सेनाप्रमुख रामोस यांनी तुकड्यांना बजावलं की त्या गोटातून आलेले हुकूम मानायचे नाहीत. एन्रिलेंना जावं लागलं. चार दिवस खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या माणसाविरुद्ध नऊ महिन्यांत असं उभं राहणं सोपं नसतं.

खवचट

आणि बंडखोरांना शिक्षा काय दिली तेही सांगा की सुभेदारसाहेब. जुलै १९८६, मार्कोसच्या माणसांनी मनिला हॉटेल बळकावून स्वतःचं सरकार जाहीर केलं. सामील झालेल्या सैनिकांना रामोससाहेबांनी फर्मावलं: तीस पुश-अप्स मारा.

तीस. आमच्या शाळेत पी.टी.चे सर डबा लवकर खाल्ला म्हणून पन्नास मारायला लावायचे.

दौलताबादी

खवचट, हसलो. पण त्याच धोरणाची दुसरी बाजू बघा. सैन्य आतून तुटलेलं होतं, त्यात स्वतःची माणसं भिंतीला उभी केली असती तर पुढचं बंड आणखी रक्तरंजित झालं असतं. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी हेच धोरण पुढे नेलं: १९९२ला कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवणारा कायदा, १९९५ला बंडखोर अधिकाऱ्यांशी करार, १९९६ला दक्षिणेतल्या मुस्लिम बंडखोरांच्या मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या नूर मिसुआरींशी अंतिम शांतता करार. सगळ्यांना आत घ्या, टेबलावर बसवा. सैन्यात वजन असल्याशिवाय हे कुणाला जमलं नसतं, नागरी नेत्याने केलं असतं तर देशद्रोही ठरला असता.

पाटीपेन्सिल, मेंदिओला आणि लुपाओबद्दल वाद नाही. पण ज्या कॉन्स्टॅब्युलरीबद्दल तुम्ही बोलताय, ती बरखास्त होऊन १९९१ला नागरी पोलीस दल उभं राहिलं, संरक्षण खात्याच्या बाहेर, गृह खात्याखाली. तेव्हा संरक्षणमंत्री रामोसच होते. आपण चौदा वर्षं चालवलेलं दल आपल्याच कारकिर्दीत मोडीत निघताना आडवा न येणारा सेनाधिकारी दाखवा.

मकातीकर

इथे नोकरीनिमित्त राहतो म्हणून थोडी भर. डिसेंबर ८९चं श्रेय एकट्या रामोस यांना देऊ नका. इथले जुने सहकारी सांगताना आधी अमेरिकन फँटम विमानांचंच नाव काढतात. अमेरिकेच्या इथल्या क्लार्क तळावरून ती उडाली, बंडखोरांच्या विमानतळांवर घिरट्या घातल्या, एकही गोळी झाडली नाही, पण बंडखोरांची विमानं त्यानंतर वर आली नाहीत. रामोस आणि सेनाप्रमुख दे व्हिया कॅम्प आग्विनाल्दोत बसून सूत्रं हलवत होते, त्या छावणीवरही हल्ला झाला, हे खरं. पण विमानं दुसऱ्याची होती.

आता संरक्षणमंत्रिपदातली एक गोष्ट, जी धाग्यात यायलाच हवी होती. १९८९ला फिलिपिन्स विद्यापीठाच्या आवारातून विद्यार्थी वृत्तपत्रात काम करणाऱ्या एका तरुणाला लष्कराने उचललं. ओरड झाली. ३० जून १९८९ला विद्यापीठाचे अध्यक्ष होसे अबुएवा आणि संरक्षणमंत्री रामोस यांनी करारावर सह्या केल्या: विद्यापीठाला आगाऊ कळवल्याशिवाय लष्कर-पोलीस आवारात शिरणार नाहीत. हा करार एकतीस वर्षं टिकला.

मोडला कुणी? जानेवारी २०२१, देल्फिन लोरेन्साना. तेही निवृत्त मेजर जनरल, तेही संरक्षणमंत्री. एक पत्र पाठवलं, करार रद्द. कम्युनिस्ट तिथे भरती करतात म्हणे.

पाटीपेन्सिल

मकातीकर, धन्यवाद. माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात. एका जनरलने दिलं, दुसऱ्या जनरलने काढून घेतलं. मधल्या एकतीस वर्षांत संसदेने त्याचा कायदा केला नाही, म्हणून सगळं खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मर्जीवर राहिलं.

आणि ती खुर्ची कुणाची, ती यादी बघा. इलेतो, रामोस, दे व्हिया, आबात, रेयेस, एर्मिता, गाझमिन, लोरेन्साना. मध्ये मर्कादो, क्रूझ, तेओदोरो असे मोजके नागरी. तिथल्या १९८७च्या राज्यघटनेत लिहिलंय की सेवेत असलेल्या सैनिकाला नागरी पदावर नेमता येणार नाही. मग करतात काय? गणवेश उतरवायचा आणि त्याच महिन्यात मंत्री व्हायचं. रामोस जानेवारी १९८८च्या सुरुवातीला सेनाप्रमुख होते, महिना संपायच्या आत संरक्षणमंत्री. अक्षर पाळलं, अर्थ गेला. आपल्याकडे इतकी युद्धं झाली पण जनरल कधी संरक्षणमंत्री झाला नाही. १९६२ला चीनकडून मार खाल्ल्यावर नेहरूंनी बोलावलं ते यशवंतरावांना. त्यांनी कुठे टेकडीवर चाल केली होती?

निवृत्त_सुभेदार

यशवंतरावांबद्दल आदरच आहे ताई. पण आपल्या फौजेने कधी राजवाड्यावर विमानं नेली नाहीत. तुलना करताना तेवढं ध्यानात असू द्या.

लोरेन्सानांचंही एकच टोक धरू नका. त्याच जानेवारीत तिथल्या लष्कराने विद्यापीठातले माजी विद्यार्थी बंडखोरांना मिळाले म्हणून एक यादी छापली, ती धडधडीत चुकीची निघाली. लोरेन्सानांनी गुप्तवार्ता विभागाच्या मेजर जनरललाच पदावरून काढलं. नागरी मंत्र्याने इतक्या झटकन काढलं असतं का? आणि २०२२च्या जानेवारीत ब्राह्मोसच्या करारावर सही त्यांचीच, साधारण ३७.५ कोटी डॉलरचा सौदा.

खलाशी

ब्राह्मोसचं नाव निघालंच आहे तर: इतका उशीर का लागला, हा खरा प्रश्न आहे. सात हजारांवर बेटांचा देश, आणि संरक्षण खातं पिढ्यानपिढ्या पायदळाच्या जनरलांकडे. त्यांना शत्रू दिसतो तो डोंगरातला गनिम आणि दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरचा बंडखोर. १९९२ला अमेरिकन सुबिकचा आरमारी तळ सोडून गेले, १९९५च्या फेब्रुवारीत दक्षिण चीन समुद्रातल्या मिस्चीफ रीफ या प्रवाळखडकावर चिनी बांधकाम उभं राहिलेलं दिसलं, तेव्हा आरमाराकडे तिथे नेऊन उभं करायला धड जहाज नव्हतं. राष्ट्राध्यक्ष रामोस यांनी त्याच महिन्यात आधुनिकीकरणाचा कायदा केला, लष्कराची फोर्ट बोनिफासिओची जमीन विकायला काढली. पण त्याआधी साडेतीन वर्षं संरक्षणमंत्री आणि त्याआधी दोन वर्षं सेनाप्रमुख हेच होते ना? बंडं मोडण्यात आरमार राहून गेलं. मला वाटतं दोन्ही बाजू आपापसांत भांडताहेत आणि समुद्राकडे कुणी बघत नाहीये.

दौलताबादी

खलाशी, हा मुद्दा मान्य. बंडं चालू असताना पाणबुड्यांचा विचार कोण करणार, असं म्हणता येईल, पण ते पुरेसं उत्तर नाही.

पाटीपेन्सिल, तुमच्या बढतीच्या प्रश्नावर एवढंच: २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळी कॅम्प आग्विनाल्दोत पत्रकारांपुढे बसले तेव्हा त्यांच्यामागे मोजकेच सैनिक होते. हुकलेल्या बढतीसाठी लोक राजीनामा देतात, गळ्यात दोर अडकवून घेत नाहीत. हेतू मिसळलेले असतील. माझ्या लेखी कृती महत्त्वाची.

पाटीपेन्सिल

कृतीच बघते मी. सगळ्यांना आत घ्या, टेबलावर बसवा, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंत. होनासान तुरुंगजहाजावरून पळाले, माफी मिळाली, १९९५ला सिनेटर झाले, २०१९ला राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंच्या मंत्रिमंडळात गेले. एन्रिले सिनेटचे अध्यक्ष झाले आणि २०२२ला मार्कोस यांच्या मुलाचे मुख्य कायदा सल्लागार. हो, मुलाचे, तो निवडून आला. रामोस त्याच वर्षी जुलैअखेर वारले, सरकारी इतमामात वीरांच्या दफनभूमीत पुरले गेले, तिथे सहा वर्षांपूर्वी मार्कोसनाही आणून ठेवलेलं होतं.

त्या टेबलावर ११,१०३ जणांपैकी कुणाला बसवलं होतं, तेवढं शोधून सांगा.