कोल्हापुरातील लेखकाला तातडीची आर्थिक मदत कोठून मिळू शकेल?

रंकाळाकाठ

नमस्कार. मी कोल्हापुरात राहणारा, ४७ वर्षांचा, पूर्णवेळ लेखन करणारा माणूस आहे. दोन कथासंग्रह आणि एक कादंबरी अशी तीन पुस्तके प्रसिद्ध झालेली आहेत. मात्र घर चालते ते पुस्तकांवर नव्हे, तर स्मरणिकांचे संपादन, मुद्रितशोधन, दिवाळी अंकांतील लेखन आणि आकाशवाणीसाठी अधूनमधून लिहिलेल्या संहिता यांवर. परवा ७२ वर्षांची आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. ती एका खासगी रुग्णालयात दाखल आहे. शस्त्रक्रिया लवकर करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि त्याआधी भरायची अनामत रक्कम माझ्याजवळ नाही. आरोग्यविमा काढलेला नाही. घरभाडे आणि विजेचे बिलही थकलेले आहे.

येणे बऱ्यापैकी आहे, पण ते हातात नाही. प्रकाशकाकडून दोन वर्षांच्या स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) हिशेब आलेला नाही आणि दोन दिवाळी अंकांचे मानधन राहिले आहे. त्याच प्रकाशकांनी काल फोनवर सुचवले की, तिन्ही पुस्तकांचे सर्व हक्क कायमचे लिहून दिल्यास ते एकरकमी पैसे लगेच देतील. ती रक्कम शस्त्रक्रियेपुरती होते, त्यामुळे मन डळमळते आहे.

इंटरनेटवर शोध घेतला तर ब्रिटनमधील १७९० साली स्थापन झालेला रॉयल लिटररी फंड, अमेरिकेतील ऑथर्स लीग फंड अशी नावे समोर येतात. ते निधी तिकडच्या लेखकांसाठी आहेत हे उघड आहे. आपल्याकडे, निदान महाराष्ट्रात, अडचणीत सापडलेल्या लेखकाला चार-आठ दिवसांत मदत मिळेल अशी एखादी व्यवस्था आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त ग्रंथपाल

आपल्या आईंना लवकर बरे वाटो. केवळ लेखक आहे म्हणून आठवड्याभरात पैसे हाती ठेवणारी शासकीय योजना आपल्याकडे नाही, हे आधी स्पष्ट सांगतो, म्हणजे त्या शोधात आपला वेळ जाणार नाही. या घडीला नागरिक म्हणून आपल्याला जे मिळू शकते तेच सर्वांत लवकर मिळेल आणि सुदैवाने ते थोडेथोडके नाही.

आईंचे वय ७२ आहे ही येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. २०२४च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकासाठी, घरचे उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या विनाशुल्क उपचारांची तरतूद झालेली आहे. त्यासाठीच्या ‘वय वंदना’ कार्डाची नोंदणी आधारकार्डावरून होते. याखेरीज राज्याची महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे आणि तिच्यासाठी शिधापत्रिका लागते. दोन्ही योजनांचा लाभ अंगीकृत, म्हणजे योजनेच्या यादीतील, रुग्णालयातच मिळतो. तेथे रुग्णांना योजनेबाबत मदत करणारा ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. आईंची शस्त्रक्रिया कोणत्या उपचारगटात बसते आणि कोणती कागदपत्रे हवीत हे त्याच्याकडून कळेल. आपले सध्याचे रुग्णालय यादीत आहे का, हे १५५३८८ या क्रमांकावर आजच विचारावे. मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावयाची असते. आधी पैसे भरायचे आणि मागाहून योजनेतून परत मागायचे, असा हिशेब मनात धरू नये.

रुग्णालय यादीत नसेल तर दोन वाटा उरतात. एक म्हणजे सीपीआर, अर्थात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. तेथील गर्दीबद्दल आपण सगळेच तक्रार करतो, पण ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले असल्यामुळे तेथे अस्थिरोगाचा स्वतंत्र विभाग आहे. दुसरी वाट धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयाची. अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखून ठेवाव्या लागतात. शिवाय तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवून ठेवता येत नाही. तेथील वैद्यकीय समाजसेवकाला भेटून ‘धर्मादाय योजनेतून उपचार हवेत’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका जवळ ठेवावी. खाट रिकामी नाही असे तोंडी उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे आणि धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करावी. लेखी मागितले की पुष्कळदा उत्तर बदलते, असा माझा अनुभव आहे.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. २००३च्या विद्युत कायद्यानुसार पुरवठा तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याआधीच महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन थकबाकीचे हप्ते मागून घ्यावेत.

अनुवादिनी

आदरणीय ग्रंथपालांनी रुग्णालयाची बाजू नीट मांडलेली आहे. मी प्रकाशकांच्या प्रस्तावाबद्दल लिहिते, कारण मूळ प्रश्नातील सर्वांत धोक्याची गोष्ट मला तीच वाटली.

कृपया कशावरही सही करू नये. आपले जुने करार कपाटातून काढून त्यांत दोन गोष्टी पाहाव्यात: हक्क किती मुदतीसाठी दिले आहेत आणि नेमके कोणते हक्क दिले आहेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते; करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. आपल्याकडचे कितीतरी करार एका पानाचे असतात आणि त्यांत मुदतीचा उल्लेखही नसतो. म्हणजे आपल्या पहिल्या पुस्तकाला ५ वर्षे होऊन गेली असतील आणि करार असा मोघम असेल, तर ज्या हक्कांसाठी प्रकाशक आज रक्कम देऊ करत आहेत ते हक्क कदाचित आधीच आपल्याकडे परत आलेले असतील. तसे असेल तर या व्यवहारात पारडे तुमच्या बाजूला झुकते. प्रकाशकांना ते ठाऊक असण्याची शक्यता मोठी आहे. आईंच्या आजारपणात फोन येणे हा निव्वळ योगायोग असेलही, पण मी तसे गृहीत धरणार नाही.

पैसे हवेतच असतील तर कायमचे हक्क देण्याऐवजी ठरावीक वर्षांसाठी, फक्त मराठी मुद्रित आवृत्तीचे, स्वामित्वधनापोटी आगाऊ रक्कम घेऊन द्यावेत. ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, पाठ्यपुस्तकातील समावेश, चित्रपट आणि मालिका हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत आणि प्रत्येकाचे मोल वेगळे आहे. हे हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतात. एका शस्त्रक्रियेच्या खर्चात एवढा दीर्घ काळ विकून टाकणे हा मला तरी कोणत्याही अडचणीतला मार्ग वाटत नाही.

थकलेल्या मानधनाबद्दल: सौजन्याने फोन करत राहण्याची आपली पद्धत वसुलीला मारक ठरते. लेखी मागणीपत्र पाठवावे. मानधन किंवा स्वामित्वधन देणाऱ्या एखाद्या संस्थेने करकपात केली असेल आणि आपले एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल, तर विवरणपत्र भरून ती कापलेली रक्कम परत मिळते, हेही अनेक लेखक सोडून देतात.

पाचगाव रोड

लेखक म्हणून काय आहे, हे मूळ प्रश्नात विचारलेच होते, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. राज्याची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना १९५४-५५पासून चालू आहे. २०२४मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले गेले आणि मानधन सर्वांना सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले. पण वय ५० पूर्ण हवे, साहित्य किंवा कला क्षेत्रातील किमान १५ वर्षांचे कार्य हवे, उत्पन्नाची अट आहे आणि प्रत्येक जिल्ह्यातून वर्षाला ठरावीक जणांचीच निवड होते. आपण ४७ वर्षांचे आहात. त्यामुळे आज काही उपयोग नाही, मात्र प्रसिद्ध लेखनाची कात्रणे, मानधनाच्या पावत्या, आकाशवाणीची करारपत्रे आतापासून लावून ठेवावीत. अर्ज करण्याची वेळ येते तेव्हा पंधरा वर्षे लिहिणाऱ्या माणसाकडे पंधरा वर्षांचा पुरावा नसतो, ही नेहमीची कथा आहे. केंद्राची अशीच योजना साठी ओलांडलेल्यांसाठी आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे नवलेखक अनुदान पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी असते, म्हणजे तेही आपल्याला लागू नाही.

साठीच्या किंवा पन्नाशीच्या आतला लेखक अडचणीत येतच नाही, असे धोरण आखणाऱ्यांना का वाटते, हे मला आजवर उमगलेले नाही.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सध्याचे रुग्णालय योजनेच्या यादीत नाही. आईला हलवता येईल असे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राशी बोलणे झाले आहे. कार्डाची नोंदणी आज होईल. तेथवर सध्याचे बिल आणि घरखर्च भागवण्यासाठी थोडी रक्कम लागेलच. एका नातेवाइकांच्या ओळखीचे गृहस्थ महिना पाच टक्क्यांनी पैसे देतात. मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲपही दिसतात. साहित्यिक मित्रांपुढे हात पसरण्यास मात्र मन धजत नाही.

शाहूपुरीतील हिशेबनीस

मी एका पतसंस्थेत नोकरी केलेली असल्यामुळे या बाबतीत थोडे ठामपणे लिहितो. महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ टक्के. परवान्याशिवाय असा व्यवहार करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. ॲपच्या वाटेला तर जाऊच नये. त्यांतली अनेक आपल्या फोनमधील क्रमांकांची यादी मिळवतात आणि हप्ता चुकला की त्या प्रत्येकाला संदेश पाठवतात. कोणी आधीच त्यात अडकले असेल तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. घरात थोडेफार सोने असेल तर बँकेत किंवा चांगल्या पतसंस्थेत सोनेतारण कर्ज घ्यावे. ते बहुधा त्याच दिवशी मिळते, व्याज सावकाराच्या तुलनेत कितीतरी कमी असते आणि उत्पन्नाच्या पुराव्यावरून लेखकाची जी अडवणूक होते ती येथे होत नाही.

मित्रांबद्दल माझे मत वेगळे आहे. दोन-तीन जवळच्या माणसांना, नेमकी रक्कम आणि नेमके कारण सांगून, परतफेडीच्या तारखेसह मागणे यात कमीपणा नाही. दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या संस्थेतील परिचित व्यक्तीशी बोलावे. संस्थेकडे त्यासाठी तरतूद असेलच असे नाही, पण शब्द टाकणारे कोणीतरी मिळते. जाहीर आवाहन करण्याची वेळ आलीच तर पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यावर जमा करण्यास सांगावे. त्याने देणाऱ्याचाही विश्वास राहतो. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात स्वतःला मिळालेल्या भेटी ५० हजारांच्या वर गेल्या तर ती संपूर्ण रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते, हेही ध्यानात असावे.

अनुवादिनी

आणखी एक. रात्री झोप लागत नसेल, सतत धास्ती वाटत असेल तर टेलि-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, शुल्क नाही. हे मी उगाच लिहीत नाही. रुग्णालयाच्या बाकावर बसून निर्णय घेणारा माणूस थकलेला असतो आणि करारावर सह्या त्याच वेळी होतात.

रंकाळाकाठ

जुने करार आज पाहिले. पहिल्या दोन पुस्तकांच्या करारांत मुदतीचा उल्लेख खरोखरच नाही. कादंबरीच्या करारात १० वर्षे लिहिलेली आहेत. पहिली दोन्ही पुस्तके येऊन ५ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. प्रकाशकांना मी आज एवढेच कळवले आहे की, आधीचा हिशेब पूर्ण झाल्याशिवाय नवीन बोलणे करता येणार नाही. मागणीपत्र कसे लिहावे आणि त्यांनी दुर्लक्ष केले तर पुढे काय करावे?

अनुवादिनी

पत्र एका पानाचे असावे. पुस्तकाचे नाव, कराराची तारीख, ज्या वर्षांचा हिशेब आलेला नाही ती वर्षे, छापलेल्या व विकल्या गेलेल्या प्रतींचा तपशील मागणारे एक वाक्य आणि उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत एवढे पुरे. तक्रारीचा सूर नको, आईंच्या आजाराचा उल्लेखही नको. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे आणि तेच ईमेलनेही पाठवावे. दिवाळी अंकांच्या संपादकांना स्वतंत्र पत्रे द्यावीत. त्यांत अंकाचे वर्ष आणि मानधन कबूल केल्याचा संदेश किंवा ईमेल जोडावा.

मुदतीत उत्तर आले नाही तर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे न्यायालयात दावा दाखल करण्यापूर्वीच, अर्ज करता येतो. प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवले जाते, न्यायालयीन शुल्क लागत नाही आणि समोरच्याला रीतसर नोटीस जाते. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मोफत वकीलही मिळू शकतो. पैशाच्या वसुलीच्या दाव्याला साधारणपणे ३ वर्षांची मुदत असते, म्हणून सर्वांत जुन्या थकबाकीचे पत्र आधी टाकावे.