प्रतिसाद: संध्याकाळचे कार्ब लोडिंग, डोनट की भात?

प्रश्न असा विचारलाय की कार्ब लोडिंगसाठी (स्नायूंत ऊर्जा साठवायला मुद्दाम जास्त कार्ब, म्हणजे कर्बोदकं, खाणं) संध्याकाळी कार्ब वाढवायचेच आहेत, तर डोनट-आइस्क्रीम का नको. कारण कॅलरींच्या हिशेबाने ते साधारण अर्धे कार्ब, अर्धे फॅट. १०० ग्रॅम डोनटमध्ये साधारण २० ग्रॅम फॅट येतं. दिवसाच्या कॅलरींचा कोटा झपाट्याने संपतो आणि ग्लायकोजेन (स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर) भरायला कार्ब मात्र कमीच मिळतात.

७५ किलो वजनाला दिवसाचे ३०० ग्रॅम कार्ब (किलोमागे ४) धरले आणि निम्मे संध्याकाळी ठेवले, तर १५० ग्रॅम होतात. ३०० ग्रॅम शिजलेला पांढरा भात (सुमारे ८४ ग्रॅम कार्ब), २०० ग्रॅम उकडलेला बटाटा (४०) आणि एक मध्यम केळं (२७), झालं काम. सोबत ३०-४० ग्रॅम प्रोटीन, तेलाचा हात आखडता.

सगळ्यात जास्त घोळ अन्नाचं वजन करताना होतो. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात जवळपास ८० ग्रॅम कार्ब असतात, शिजलेल्या भातात २८. कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये चुकीची नोंद निवडली की हिशेब तिपटीने फसतो.

फक्त फळं किंवा ज्यूसवर भर नको. त्यातली फळसाखर (फ्रुक्टोज) मुख्यतः यकृतात जातं, स्नायूंत फारसं नाही. कडधान्यं एरवी उत्तम, पण एका बैठकीत एवढे कार्ब त्यातून घेतले तर रात्रभर पोट फुगेल.

सकाळी काटा किलोभर वर दिसला तर घाबरू नका: प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं. झोपण्याच्या दोनेक तास आधी जेवण उरका. मधुमेहाची औषधं चालू असतील तर मात्र हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.