वादस्पर्धेचा विषय आदल्या दिवशी बदलला: कॉलेजात जगाच्या राजकारणावर बोलायचं की नाही?

धरमपेठवाला (धागाकर्ता)

एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. मागच्या आठवड्यात नागपुरातल्या एका कॉलेजने वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तिथल्या पोरांना त्रास नको. विषय महिनाभर आधी लागला होता: 'युक्रेन आणि गाझा या युद्धांत भारताने ठाम बाजू घ्यावी.' आदल्या दिवशी संध्याकाळी फोन आला, सर, विषय बदललाय, आता 'मोबाइल: शाप की वरदान' आहे. कारण विचारलं तर कळलं की संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याला कोणीतरी फोन करून 'कॉलेजात राजकारण नको' म्हटलं होतं. लेखी काहीच नाही.

स्पर्धा संपल्यावर बी.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी वही घेऊन आली. तिने तीन तारखा एकाखाली एक लिहिल्या होत्या. २ मार्च २०२२, संयुक्त राष्ट्रांची आमसभा, रशियाने सैन्य मागे घ्यावं असा ठराव: १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ, भारत तटस्थांत. २७ ऑक्टोबर २०२३, गाझात मानवतावादी युद्धविराम: भारत पुन्हा तटस्थ. १२ डिसेंबर २०२३, गाझात युद्धबंदी: १५३ बाजूने, १० विरोधात, २३ तटस्थ, आणि ह्या वेळी भारत ठरावाच्या बाजूने. खाली लाल पेनने लिहिलं होतं, 'दीड महिन्यात काय बदललं?'

हा प्रश्न तिला कोणी सांगितला नव्हता. आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि तिला तो दिसला. मी आयुष्यभर वर्गात ज्यासाठी घसा कोरडा केला ते हेच. आणि तिला सहा मिनिटं मोबाइलच्या तोट्यांवर बोलावं लागलं. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

कॉलेजने स्वतः बाजू घ्यावी असं मी म्हणत नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६७ मध्ये, शिकागो विद्यापीठाने हॅरी कॅल्व्हेन ह्या कायद्याच्या प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिच्या अहवालाचा गाभा असा की विद्यापीठ हे टीका करणाऱ्यांचं घर आहे, टीका करणं हे विद्यापीठाचं स्वतःचं काम नाही. मला हे पटतं. संस्थेने गप्प राहावं, ते एवढ्यासाठी की आतल्या माणसांना मोकळेपणाने बोलता यावं. आपल्याकडे संस्था गप्प बसते आणि पोरांनाही गप्प बसवते.

माझं म्हणणं एवढंच: जगाच्या राजकारणावर वाद घालायची पहिली जागा कॉलेज हीच आहे, आणि ती एका फोनवर बंद होता कामा नये.

मानेवाड्याचा बाप

सर, मान ठेवून विरोध करतो. तुमची पेन्शन सुरू झाली आहे, माझ्या पोराचं आयुष्य आत्ता सुरू होतंय. बी.ई. तिसऱ्या वर्षाला आहे, पुढे एम.एस.साठी अमेरिकेला जायचं म्हणतो. त्यासाठी बेसा रोडवरचा प्लॉट विकायची तयारी ठेवली आहे.

जून २०२५ पासून अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाला अर्ज करणाऱ्यांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगतात. त्याआधी मार्चमध्ये तिथल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की विद्यार्थिनीला रस्त्यावरून उचललं. तिने विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात इतर तिघांबरोबर गाझाबद्दल एक लेख लिहिला होता. मे महिन्यात कोर्टाच्या आदेशाने ती बाहेर आली, पण दीड महिना कोठडीत गेलाच. तिथल्याच कोलंबिया विद्यापीठातल्या एका भारतीय संशोधक मुलीचा व्हिसा रद्द झाला आणि ती कॅनडाला निघून गेली. जिथे भाषणस्वातंत्र्य हे घटनेच्या पहिल्या दुरुस्तीतच आहे, तिथली ही गोष्ट आहे.

आणि वादस्पर्धेत बाजू चिठ्ठीने मिळते ना सर? मनात एक असतं, बोलावं दुसरंच लागतं. मागच्या बाकावरचा कोणी वीस सेकंदांची क्लिप काढतो. त्या क्लिपमध्ये चिठ्ठी दिसत नाही. पाच वर्षांनी कोण सांगत बसणार की अहो, मला ती बाजू नेमून दिली होती? त्या पदाधिकाऱ्याने फोनवर विषय बदलला ते चूक असेल, पण त्याच्या जागी मी असतो तर मीही बदलला असता.

काटोलचा संत्रावाला

मास्तर बरोबर बोलून राहिले. आमच्याकडं दोन एकर संत्रा अन् चार एकर कापूस हाय. मले कोणी इचारलं नाई का तुले जगाचं राजकारण पायजे का नाई. ते आपल्या पायानं वावरात येते. बांगलादेशानं संत्र्यावरचा आयात कर वाढवत नेला, इकडं नागपूरच्या कळमना बाजारात भाव पडला. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, अन् त्याच महिन्यात आपल्या सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचा ११ टक्के कर काढून टाकला, गिरण्याईले कापूस स्वस्त भेटावा म्हणून. पयले सप्टेंबरपर्यंत म्हणले, मंग डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे माहा कापूस घरात आला त्याच वक्ताले बाहेरचा कापूस बिनकराचा होता.

माही पोरगी नागपुरात बी.कॉम. करते. तिनं हे कॉलेजात नाई बोलायचं तं कुठी बोलायचं? घरी मले समजावून सांगणारं दुसरं कोणी नाई.

इतिहासवेडा, महाल

धागाकर्त्यांशी मी सहमत नाही आणि माझं कारण ह्याच गावातलं आहे. डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं. त्यामागचा एक मोठा प्रश्न खिलाफतीचा, म्हणजे तुर्कस्तानच्या सुलतानाचं पुढे काय, हा होता. विदेशातलाच प्रश्न. ठरावात सरकारी शाळा-कॉलेजांवर बहिष्कार होता. पोरांनी पुस्तकं टाकली. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी आंदोलन मागे घेतलं. दोन वर्षांनी तुर्कस्तानने स्वतःच खिलाफत रद्द केली. ज्यांनी शिक्षण सोडलं त्यांतल्या कित्येकांना परत वर्गात यायला वाट राहिली नाही. विद्यार्थ्यांना असं बाहेर काढण्याला रवींद्रनाथांनी तेव्हाच उघड विरोध केला होता.

जगाचे प्रश्न पोरांना पेटवतात आणि किंमत पोरंच मोजतात. हा माझा आक्षेप आहे, आणि तो भीतीतून आलेला नाही.

धरमपेठवाला

इतिहासवेडा, मुद्दा वजनाचा आहे, पण तो माझ्या बाजूला झुकतो असं मला वाटतं. १९२० मध्ये पोरांना वर्गाबाहेर बोलावलं होतं. मी त्यांना वर्गात बसवून वाद घालू द्या म्हणतो. खिलाफत म्हणजे काय, तुर्कस्तानातल्याच लोकांना ती हवी आहे का, हे तेव्हा एखाद्या वर्गात धडपणे वादात घेतलं असतं, तर पुस्तकं टाकणाऱ्यांनी निदान कशासाठी टाकतो ते ओळखून टाकली असती.

आणि नागपूर म्हणाल तर १९२३ ही आठवा. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला मनाई होती आणि रोज नवी तुकडी झेंडा घेऊन ती हद्द ओलांडायला निघायची, अटक व्हायची. झेंडा सत्याग्रह ऑगस्टमध्ये संपला. त्याच ऑगस्टमध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. आपलं विद्यापीठ अशा महिन्यात जन्मलेलं आहे.

मानेवाड्याच्या बाबा, तुम्हाला उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागेल. चिठ्ठीचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

तासिकावाली

मी तासिका तत्त्वावर शिकवते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जितके तास घेतले तितकेच पैसे, तेही कित्येक महिन्यांनी हातात येतात, आणि नेमणूक त्या वर्षापुरती. आम्हाला काढून टाकावं लागत नाही. पुढच्या वर्षी फक्त बोलावत नाहीत.

सर, तुमच्या काळात विषय ठरवणारा माणूस कायम नोकरीत होता. आता स्पर्धेचं सगळं काम माझ्यासारखी बाई करते. विषयपत्रिकेखाली समन्वयक म्हणून माझं नाव असतं. फोन पदाधिकाऱ्याला येतो, पदाधिकारी प्राचार्यांना विचारतो, प्राचार्य मला विचारतात, 'मॅडम, हे तुम्हाला कुठून सुचलं?' भाषणस्वातंत्र्याबद्दल बोलताना आपण नेहमी विद्यार्थ्याचा विचार करतो. शिक्षकाची नोकरीच पक्की नसेल तर विद्यार्थ्याला मोकळीक कोण देणार? मला तो विषय हवा होता. मी तो दिला नसता.

वकील, सिव्हिल लाइन्स

कायद्याचं थोडं स्पष्ट करतो, कारण दोन्ही बाजूंना ते अर्धंच ठाऊक असतं.

अनुच्छेद १९(१)(क) मध्ये भाषणस्वातंत्र्य आहे आणि १९(२) मध्ये त्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात त्यांची यादी आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने त्या यादीत 'परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध' हे कारण आलं. तेव्हा 'आपण तर दुसऱ्या देशांबद्दल बोलतोय, त्यात काय' असं धरून चालू नका. जगाच्या राजकारणाला आपल्या घटनेत नाव घेऊन जागा आहे.

पण निर्बंध कायद्याने घालावा लागतो. १९८५ मध्ये केरळातल्या तीन भावंडांना राष्ट्रगीताच्या वेळी उभं राहूनही ते गायलं नाही म्हणून शाळेतून काढलं होतं. त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांना परत घ्यायला लावलं आणि सांगितलं की शिक्षण खात्याच्या परिपत्रकामागे कायद्याचं बळ नाही. जिथे परिपत्रक टिकलं नाही, तिथे एका निनावी फोनचं काय? २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात न्यायालयाने चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी असे तीन भाग पाडले आणि निर्बंधाचा प्रश्न चिथावणीपासून सुरू होतो म्हटलं. वादस्पर्धा पहिल्या भागातली.

मात्र हेही खरं की खासगी संस्थेने आपल्या सभागृहातला विषय बदलला तर त्यावर कोर्टात जाणं सोपं नाही. आणि तासिकेवरच्या मॅडमना तर कोर्टाचा काहीच उपयोग नाही, कारण त्यांच्याविरुद्ध आदेशच निघत नाही.

खारकीवहून परतलेली

मी हिंगण्याची. फेब्रुवारी २०२२ मध्ये खारकीवला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होते. वकिलातीने १५ तारखेला सांगितलं होतं की थांबणं गरजेचं नसेल तर तात्पुरतं निघा. आम्ही थांबलो. हजेरी कापली जाईल अशी भीती होती आणि तिकीट महाग होतं, पण खरं कारण वेगळं होतं. आमच्यापैकी कोणालाच ह्या भांडणातलं काही कळत नव्हतं. २०१४ मध्ये क्रिमियात काय झालं हे मी तीन वर्षं त्या देशात राहूनही वाचलं नव्हतं. २४ ला पहाटे आवाज सुरू झाले. मग मेट्रोच्या स्टेशनात दिवस काढले. २ मार्चला निरोप आला की मिळेल तसं, पायीही, खारकीवजवळचं पिसोचिन गाठा. बर्फातून चालले. सरकारने आम्हाला परत आणायला काढलेल्या ऑपरेशन गंगाच्या विमानाने घरी आले.

बारावीपर्यंत नागपुरात शिकले. आमच्या कॉलेजात कधी कोणी जगाचा नकाशा उघडून हा देश कुठे आहे आणि शेजारी कोण ते सांगितलं नाही. आम्ही 'फी परवडते' एवढं बघून गेलो. मानेवाड्याच्या काका, तुम्ही पोराला बाहेर पाठवणार आहात म्हणूनच त्याला हा वाद घालू द्या.

धागाकर्त्यांनाही एक सांगते. परत आल्यावर लोक मला रशियाला शिव्या घालायला सांगायचे, नाहीतर युक्रेनला. स्टेशनात माझ्या शेजारी झोपलेल्या आजीने मला तिची भाकर दिली होती, त्याबद्दल कोणी विचारलं नाही. तुमचा विषयच 'बाजू घ्यावी' असा होता. तो मला आवडला नाही.

मानेवाड्याचा बाप

बेटा, तुझं वाचून दोन वेळा थांबलो. तू सुखरूप आलीस हे बरं झालं. वाचन करू दे, नकाशा बघू दे, मी कधी नाही म्हटलं? माझी हरकत मंचावर उभं राहून रेकॉर्ड होण्याला आहे. सर अजून क्लिपबद्दल बोलले नाहीत.

धरमपेठवाला

बोलतो. दोन दिवस ह्याच विचारात होतो.

स्पर्धेच्या सभागृहात मोबाइल बाहेर जमा. बोलणाऱ्याच्या पुढे मोठा फलक: 'ही बाजू चिठ्ठीने मिळाली आहे.' विषय प्रश्नरूपात. खारकीवहून परतलेल्या मुलीने बाजूबद्दल जे लिहिलं ते मला मान्य आहे, म्हणून विषय बी.ए.च्या त्या मुलीच्या वहीतूनच घेतला: 'गाझावर ऑक्टोबर आणि डिसेंबर २०२३ मध्ये भारताने वेगळं मत का दिलं?' ह्यात घोषणा देऊन निभत नाही, दोन्ही ठराव वाचावे लागतात. ऑक्टोबरच्या ठरावात हमासचं नाव नव्हतं, ते घालण्याची दुरुस्ती कॅनडाने मांडली, भारताने तिच्या बाजूने मत दिलं, तरी ती पडली. कितीजणांना हे माहीत आहे?

तासिकावाल्या मॅडम, समन्वयक म्हणून माझं नाव राहील, पत्रिकेवर तुमचं कुठेच नसेल. सोमवारी प्राचार्यांकडे लेखी अर्ज देतो. नकार द्यायचा तर तोही लेखी द्या, असं अर्जातच लिहिलं आहे. फोनवरचं उत्तर घेणार नाही.

तासिकावाली

सर, अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर आवक क्रमांक टाकून घ्या. नाहीतर 'असा अर्ज आलाच नाही' म्हणतील.

इतिहासवेडा, महाल

माझा विरोध कायम आहे. परीक्षक कमी पडले तर कळवा, मी येतो. विषयाला धरून जो बोलणार नाही त्याचे गुण मी कापीन, बाजू कोणतीही असो.

मानेवाड्याचा बाप

फलकाची कल्पना ठीक आहे. मोबाइल जमा करण्यावर माझा फारसा विश्वास नाही, एखादा खिशात राहतोच. पोराला विचारलं. तो म्हणाला, बाबा, आधी विषय तर सांगा. सांगितला. जेवण झाल्यापासून तो कॅनडाच्या त्या दुरुस्तीबद्दल वाचत बसलाय, मला दोनदा हाक मारून झाली. ऐकायला पाठवीन. बोलायला पाठवणार नाही.