मेल सर्व्हर माळ्यावर ठेवावा का?

गावभागकर
माझं मत आधीच सांगून टाकतो, मग खुशाल भांडा. लिनक्सशी खटपट जमणाऱ्यानं आपला मेल आपल्या घरी ठेवावा. मी जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकून पोस्टफिक्स आणि डव्हकॉट बसवलंय. पहिला मेल घेतो-पाठवतो, दुसरा मोबाइलला दाखवतो. लाईट गेली तर लॅपटॉपची बॅटरी आहेच. प्रत्येक मेल म्हणजे एक साधी फाइल, फोल्डर कॉपी केलं की झाला बॅकअप. वडिलांच्या पेन्शनचे कागद, सातबारे, सगळं दुसऱ्याच्या मशीनवर ठेवायचं आणि उद्या खातं बंद झालं तर दाद कुणाकडे मागायची? एसएमटीपी, म्हणजे मेलची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते ते, १९८२ चं आहे. कुणीही सर्व्हर चालवावा आणि एकमेकांना पत्र द्यावं, अशीच त्याची मांडणी.
(लॅपटॉप माळ्यावर आहे. का, ते सांगलीकरांना सांगायला नको.)

मिरजेचा तंबोरा
घ्यायचं सोडा ओ, पाठवायचं बोला. जीमेलवाल्याला मेल टाका आणि त्याला विचारा, इनबॉक्सात आला की स्पॅममध्ये.

गावभागकर
मेल खरंच माझ्याच नावाचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी, एसपीएफ, डीकिम, डीमार्क, तिन्ही लावलेत. तपासणीत पैकीच्या पैकी.

मिरजेचा तंबोरा
ते झाले कागद. मार्केट यार्डात परवाना दाखवला म्हणून पहिल्याच दिवशी कोण उधारीवर हळद देतं का? पत लागते. मेलमध्ये ती पत तुमच्या नावाची नसते, आयपी पत्त्याची, म्हणजे नेटवरच्या तुमच्या जोडणीच्या क्रमांकाची असते, आणि पत्ता नेट देणाऱ्याचा. घरगुती जोडण्यांचे पत्ते स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेच्या पीबीएल यादीत असतात, पुष्कळदा कंपनीनं स्वतःच कळवलेले. म्हणजे तुम्ही काही गुन्हा केलाय असं नाही. घरगुती पत्त्यावरून थेट मेल येऊच नये, एवढाच त्यांचा हिशोब. वर फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलचा नियम आहे, आयपीला उलटा डीएनएस हवाच, म्हणजे आयपीवरून नाव सापडलं पाहिजे. ती पीटीआर नोंद तुमच्या डोमेनच्या खात्यात करता येत नाही. ज्याचा आयपी त्यानंच करायची.

गावभागकर
हे मात्र खरं. जादा पैसे भरून स्थिर आयपी घेतला. पण पीटीआर म्हणजे काय हे फोनवरच्या पोराला समजावण्यात पंधरवडा गेला. तो दरवेळी म्हणायचा, “सर, राउटर रिस्टार्ट करून बघा.”

भडंगप्रेमी
तुम्हाला स्थिर आयपी मिळाला हे नशीब समजा. माझ्या राउटरवर बाहेरचा पत्ता १००.६४ नं सुरू होणारा दिसतो. म्हणजे सीजीनॅट. सगळ्या गल्लीला मिळून एकच पत्ता, त्यात मेल येतो त्या पोर्ट २५ वर माझ्या दारापर्यंत कोण येणार? बसवायच्या आधी हे बघा, नाहीतर चार रात्री पोस्टफिक्सला शिव्या घालत बसाल. त्याची काही चूक नसते.

कृष्णाकाठ
माळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. सर्व्हर बंद असला की पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून परत परत प्रयत्न करतो. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस धरतं, मग ज्याचा त्याला परत करतं. तासा-दोन तासाच्या लोडशेडिंगला काही होत नाही, ही व्यवस्था फारच छान आहे. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही आठवडाभर नातेवाइकांकडे होतो. लॅपटॉप माळ्यावर कोरडा राहील हो, पण खाली मीटर पाण्यात.

गावभागकर
पूर काय रोज येतो का?

कृष्णाकाठ
२००५, २०१९, २०२१. रोज नाही.

गावभागकरांची मुलगी
बाबा, ओटीपीचं सांगा की!

गावभागकर
सांगतो. स्पॅम आवरायला ग्रेलिस्टिंग लावलं होतं. अनोळखी सर्व्हरला आधी “नंतर या” म्हणायचं. खरा असेल तो परत येतो, स्पॅमवाला बहुधा येत नाही. पण खरा कधी परत येईल ते त्याच्या मर्जीवर. हिच्या परीक्षेच्या फॉर्मचा ओटीपी दहा मिनिटांचा, मेल आला अठराव्या मिनिटाला. तीनदा. त्या रात्री ग्रेलिस्टिंग काढलं. जेवणही गारच मिळालं.

भडंगप्रेमी
मधला मार्ग आहे की. मेल घरी घ्या, पाठवताना पोस्टफिक्सच्या रिलेहोस्ट सेटिंगमध्ये एखाद्या पैसे घेऊन आपला मेल पुढं पोचवणाऱ्या रिले सेवेचं नाव टाका, पोर्ट ५८७. पत त्यांची, पेटी तुमची.

मिरजेचा तंबोरा
म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवरूनच गेला ना शेवटी! मग माळ्यावर चढायचं कशाला?

गावभागकर
पत्र टाकायला पोस्टातच जातो, म्हणून घरातलं कपाट पोस्टाचं होत नाही.

मिरजेचा तंबोरा
कपाटाचं राहू द्या. तुम्ही पत्र लिहिता कुणाला? भाऊ जीमेलवर, सीए जीमेलवर, सोसायटीचा सेक्रेटरी जीमेलवर. प्रत्येक मेलची दुसरी प्रत तिथंच पडलीय. तुमच्या माळ्यावर फक्त तुमची प्रत.

गावभागकर
ह्याला उत्तर नाही माझ्याकडे. तरी माझी प्रत माझ्याकडे हवी, आणि ती कुणाला न विचारता उघडता यायला हवी. रिले मात्र लावून बघतो.

तासगावचा नवखा
मोठ्या मंडळींचं चालू द्या, माझी एक शंका. मोबाइलवरून मेल जात नव्हता म्हणून पोस्टफिक्सच्या मायनेटवर्क्समध्ये (कुणाला विनापासवर्ड पाठवू द्यायचं ती यादी) ०.०.०.०/० टाकलं, लगेच जायला लागला. बरोबर आहे ना?

मिरजेचा तंबोरा
अरे बाबा, आत्ताच्या आत्ता काढ ते! जगातल्या कुणालाही तुझ्या नावानं मेल पाठवता येतोय. मोबाइलला ५८७ वर पासवर्डनं लॉगिन करू दे.

गावभागकर
आधी वायर उपस, मग पुढचं वाच. ह्या एका बाबतीत मी तंबोऱ्याच्या बाजूनं.

तासगावचा नवखा
उपसली. रांगेत चौदा हजार मेल दिसतायत ओ…