मदत हवी आहे: मेंदूला मार लागल्यावर नव्या पेशी येतात का?

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. चार महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ बेळगावहून येताना गाडीवरून पडला. हेल्मेट नव्हतं. जीव वाचला, पण सकाळचं दुपारी आठवत नाही. चहाचा कप हातात असतानाच विचारतो, "अक्का, चा ठेवलास काय?" शाळेतल्या कविता मात्र तोंडपाठ.

एक डॉक्टर म्हणाले, नव्या पेशी येतील. दुसरे म्हणाले, त्या भरवशावर राहू नका. म्हणून वाचत बसले. आठवणी साठवण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा असतो. प्रौढ माणसाच्या त्या भागात नव्या पेशी तयार होतात, असं १९९८ साली दाखवलं गेलं. २०१८ मध्ये एका गटाला त्या जवळजवळ सापडल्याच नाहीत, त्याच वर्षी दुसऱ्याला सापडल्या. उंदरांत मार लागल्यावर या पेशी वाढलेल्या दिसतात, पण काही भलत्याच जागी जाऊन बसतात आणि त्याचा संबंध फिट येण्याशी जोडला जातो. भावाला दोनदा फिट आलीय. ते वाचून पोटात गोळाच आला.

पेशी वाढल्या म्हणजे आठवण सुधारेलच असं नाही, हे बरोबर समजलंय का मी? आणि बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापुरात स्मरणशक्तीचे व्यायाम मराठीतून घेणारं कुणी आहे का? त्याला कन्नड कळतं, पण अपघातानंतर शब्द मराठीतच सापडतात. घरातल्या कुणाला असं झालं असेल तर पहिल्या वर्षात काय उपयोगी पडलं, तेवढं नक्की लिहा.